मधपेट्यांसाठी टेबलाचा राउटर: माझ्या दोन मशीनची गोष्ट



मागच्या महिन्यात शेडमधल्या नवीन मधपेट्यांचे फोटो टाकले. वाटलं होतं, माश्यांबद्दल विचारणा होईल. आली ती निराळीच. "दादा, पेटीची खाच एवढी एकसारखी कशी पडली? मशीन कोणतं घेतलं? आम्ही पण घ्यावं म्हणतो." एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहून ठेवतो. जरा लांबेल, पण यात पैशाचा प्रश्न आहे आणि बोटांचाही आहे.

आधी हे सांगतो की शेतकऱ्याला सुताराचं मशीन लागलंच कशाला.

आमच्या भागात, जालना ते देऊळगाव राजा पट्ट्यात, कांद्याचं बियाणं घेणारे बरेच जण आहेत. मी पण दीड एकर घेतो. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन टाकावा लागतो, आणि ते काम माशीचं. गोंडे पांढरेशुभ्र फुलले आणि माशीच नसली, तर मळणीला बी कमी आणि फोलपट जास्त. भाड्याच्या पेट्या मिळतात, पण फुलोरा सगळ्यांचा एकाच वेळी, त्यामुळं पेटीवाला पण एकाच वेळी सगळ्यांना हवा असतो. दोन वर्षं त्याची वाट बघून मी दहा वसाहती विकतच घेतल्या, मेलिफेराच्या. पेट्या मात्र घरी करायच्या ठरवल्या. लाकूड होतं, पावसाळ्यात हाताला वेळ होता, आणि खोटं कशाला बोलू, हौस पण होती.

आता पेटीचं एक माप समजून घ्या. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

पेटीच्या दोन आखूड पाटांना आतून वरच्या काठाला पताम काढावा लागतो. त्या पायरीवर चौकटीचे कान टेकतात. माझ्या पेटीत हा पताम १६ मिमी खोल आणि १० मिमी रुंद आहे. चौकटीचा कान १० मिमी जाड. १६ मधून १० गेले, वर राहिले ६. ही ६ मिमीची फट म्हणजे माशीची वाट. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या माणसानं १८५१ मध्ये हे ओळखलं आणि त्याच्यावरच आजची हलत्या चौकटींची पेटी उभी आहे. साधारण ६ ते ९ मिमी फट असली की माशी ती ये-जा करायला मोकळी ठेवते. कमी असली की राळेनं चिकटवून टाकते. जास्त असली की तिथं जादा पोळं बांधते. म्हणजे आपल्याला मिळाली ती इकडं-तिकडं तीन मिमीची मोकळीक. बस्स.

हातानं पताम रंधा मारून दोन-चार पेट्या होतात. वीस पेट्या म्हणजे चाळीस पाट, वर दोनशे चौकटी आणि प्रत्येक चौकटीच्या वरच्या पट्टीला खालून मेणपत्र्यासाठी खोबण. म्हणून राउटर. आणि काम पुन्हा पुन्हा तेच असल्यामुळं राउटर हातात धरून लाकडावर फिरवण्यापेक्षा तो टेबलाखाली उलटा टांगायचा, बिट टेबलाच्या वर काढायचा आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. हे माझं बरोबर होतं. चुकलं ते मशीन निवडण्यात.

मी मोबाइलवर बघून हातात मावणारा छोटा राउटर मागवला. ५५० वॅट, ३०,००० फेरे, ६ मिमीचं कोलेट, किंमत ३,२०० रुपये. व्हिडिओत एक जण त्यालाच टेबलाला लावून झकास खाचा पाडत होता. मी पण प्लायला भोक पाडलं, चार स्क्रू मारले, झालं टेबल.

पहिली पेटी अगदी मापात आली. मोजली, १६ मिमी. मग मोजणं बंद केलं आणि सुटलो. हीच माझी पहिली चूक.

त्या छोट्या मशीनची मोटार एका कड्यात बसते आणि एका क्लॅम्पनं आवळली जाते. हातात सरळ धरलं तर मशीनचं वजन बेसवरच येतं, म्हणून काही बिघडत नाही. उलटं टांगल्यावर सगळं वजन त्या एका क्लॅम्पवर लोंबकळतं, वरून थरथर. मोटार कणाकणानं खाली सरकत गेली. मी पाट उभा धरून काम करत होतो, म्हणजे पतामाची खोली बिटच्या उंचीवरच ठरत होती. सातव्या-आठव्या पेटीला ती १३ वर आली होती. मला पत्ताच नाही. नंतर आवाज बदलला म्हणून क्लॅम्प गच्च आवळला, तर बिटच कोलेटमधून वर सरकायला लागला. कोलेटमध्ये भुसा बसला होता आणि ६ मिमीचा बारीक दांडा एवढ्या कापाला पुरत नव्हता. शेवटच्या पाच पेट्यांत पताम २० मिमीच्या आसपास गेला.

हे मला कधी कळलं? फेब्रुवारीत. ऐन फुलोऱ्यात.

पेट्या शेतात लावल्या आणि तीन आठवड्यांनी तपासायला उघडल्या. काही पेट्यांत झाकण आणि चौकटी एकजीव. राळेनं असं चिकटवलेलं की पटाशी घालून उचकटावं लागलं. चौकटीचे कान मोडले. दुसऱ्या पेट्यांत उलटं, वर जादा पोळं बांधलेलं. झाकण उचललं की पोळं फाटायचं आणि मध खाली गळायचा. ओढाओढीत दोन पेट्यांच्या राण्या गेल्या. नवीन राणी कोषातून निघायलाच सोळा दिवस. पुढं तिचं मीलन, मग अंडी. तोवर माझा फुलोरा संपलेला. पेटीत पिल्लं कमी झाली की माशी पराग पण कमी गोळा करते. त्या बाजूच्या वाफ्यांचे गोंडे मळणीला हातात घेतले तेव्हा हलके लागले. हलक्या गोंड्याचं दुःख बियाणेवाल्याला सांगायला नको.

आमच्या गावचे मिस्त्रीमामा सत्तरीचे आहेत. त्यांना पेटी दाखवली. त्यांनी खिशातली पट्टी काढून चार ठिकाणी मोजलं, एवढंच. मग म्हणले, "भाऊ, मशीन वाईट नाही. ते कडा मारायचं मशीन आहे. तू बकरीला नांगराला जुंपलं."

त्यांनी स्वतः कधी टेबलाचा राउटर वापरला नाही, पण लाकूड आणि धार त्यांना कळते. पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही दोघं मिळून तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार वॅट सांगत होता, मामा वेगळेच प्रश्न विचारत होते. त्या दिवशी आणि नंतर वापरताना जे शिकलो ते लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कंपनीचे मॉडेल बदलत राहतात, बघायच्या गोष्टी बदलत नाहीत.

पहिली गोष्ट, उंची धरून ठेवणं. दुकानात मशीन उलटं धरा. उंची लावा, लॉक करा आणि मोटारीचं अंग दोन्ही हातांनी दाबून, हलवून बघा. सरकलं तर पुढं काही विचारू नका. स्प्रिंगवर खाली-वर होणारं मशीन घेत असाल तर एक लक्षात ठेवा: सरळ धरल्यावर जी स्प्रिंग मोटार वर उचलते, तीच उलटं टांगल्यावर मोटारीला खाली ढकलते. पाच-सहा किलोचं मशीन, वर स्प्रिंगचा जोर, त्यात एक मिमी वर घ्यायचं म्हणजे कसरत. म्हणून स्क्रू फिरवून उंची बदलता येते का, तो स्क्रू टेबलाला लावल्यावर हाताला लागतो का आणि स्प्रिंग काढून ठेवायची सोय आहे का, हे बघा. काही मशीनला टेबलाच्या वरूनच चावी घालून उंची बदलता येते. ते मिळालं तर उत्तमच.

दुसरी, कोलेट. टेबलाला १२ मिमी किंवा अर्ध्या इंचाचं घ्या. दांड्याची जाडी दुप्पट झाली की वाकायला त्याचा विरोध सोळा पट होतो. थरथर कमी, काप साफ. पण इथं एक फसगत आहे. मिस्त्री सुतात बोलतात, बिटचा डबा मिलीमीटरमध्ये बोलतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तो १२ च्या कोलेटमध्ये जात नाही. आणि १२ चा बिट १२.७ च्या कोलेटमध्ये जातो, आवळल्यासारखा पण वाटतो, पण धरत नाही. चालू मशीनमधून सुटू शकतो. दोन सुताचं पण तसंच, ६.३५ आणि ६ एक नव्हेत. कोलेटवर काय छापलंय ते वाचूनच बिट घ्या. मेणपत्र्याच्या खोबणीसाठी मला बारीक बिट लागतो, त्याच्यासाठी त्याच मापाची रिड्युसर स्लीव्ह घेतली. बिट बसवताना पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी मागं घ्यायचा आणि मग आवळायचा. बूड टेकवून आवळला की ढिला पडतो.

तिसरी, वेग कमी-जास्त करायची चकती. बारीक बिटला २२,००० फेरे चालतात. पण ५० मिमीचा बिट त्याच फेऱ्यांवर लावला तर त्याची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. हिशेब करून बघा, परीघ गुणिले फेरे. एवढ्या मोठ्या बिटला मी १६,००० च्या खालीच ठेवतो. बिटच्या दांड्यावर कमाल फेरे छापलेले असतात, तो आकडा ओलांडायचा नाही. एकच वेग असलेलं मशीन स्वस्त पडतं. फक्त पेटीचे पताम काढणार असाल तर चालेल. पुढं दाराच्या चौकटी करायचा विचार असेल तर नको.

चौथी, ताकद. आता वॅट. टेबलाला १,६०० वॅटच्या पुढचं बघा. पण वॅट आहेत म्हणून १६ मिमी एका दमात कापायचं नसतं. मी तीन दमात कापतो. दुसरं म्हणजे आपल्याकडची लाइट. सिंगल फेजला संध्याकाळी दाब पडतो. कार्बन ब्रश असलेली ही मोटार दाब पडला की मंदावते, आपण लाकूड जास्त ढकलतो, मग लाकूड करपतं आणि मोटार तापते. दाब कमी असेल तेव्हा काम बंद ठेवा, बिट वाचेल. वायर जाड घ्या, लांबलचक बारीक एक्स्टेंशन नको. सुरू होताना हळूहळू वेग धरणारं मशीन मिळालं तर टेबलाला झटका बसत नाही, माप हलत नाही.

पाचवी, बेस. बेसची प्लास्टिक तबकडी काढून तिची भोकं टेबलाच्या प्लेटवर उतरवता येतात का? स्क्रू नेहमीच्या आट्यांचे आहेत का? बेसच्या मधलं भोक तुमच्या सर्वांत मोठ्या बिटपेक्षा मोठं आहे का? बिट बदलताना पाना टेबलाच्या वरून बसतो का? दर वेळी मशीन खाली उतरवावं लागलं तर तुम्ही कंटाळाल, आणि कंटाळलेला माणूस चूक करतो. मी ६ मिमी जाड ॲल्युमिनियमची प्लेट आणि १८ मिमीचे दोन प्लाय चिकटवून टेबल केलं, वर सनमायका. वर्षातून दोनदा सरळ पट्टी ठेवून बघतो की वजनानं मध्ये झोल तर आला नाही.

मशीन, प्लेट, तीन बिट मिळून मला साडेसतरा हजार पडले. छोटं मशीन पण ठेवलंय. चौकटीच्या कडा मारायला ते हातात फार छान चालतं. मामा बरोबर होते, बकरी बकरीच्या जागी चांगली.

कामाची पद्धत पण बदलली. पाट आता आडवा झोपवून सरकवतो. त्यामुळं १६ ची जबाबदारी मागच्या आडपट्टीवर गेली आणि १० ची बिटच्या उंचीवर. आडपट्टी दोन्ही टोकांना आवळलेली, ती हलत नाही. आणि दर चौथ्या पाटाला मोजतो. मशीन कितीही चांगलं असो. लाकूड उजवीकडून डावीकडं सरकवायचं, बिटच्या फिरण्याच्या विरोधात. उलट दिशेनं घातलं तर बिट लाकूड हिसकावून फेकतो आणि हात पुढं जातो. बारीक पट्ट्यांना ढकलकाठी वापरा. लाकडी फणी लावून पट्टी दाबून ठेवा.

आता शेवटची गोष्ट. खरं तर ही पहिली लिहायला हवी होती.

एवढं सगळं बघून घेतलं आणि बटणाचा विचारच केला नाही. मशीनच्या मुठीवरचं बटण दाबून लॉक केलं की ते चालू राहतं. टेबलाखाली हात घालायला नको म्हणून मी ते कायमचं लॉक करून ठेवलं आणि भिंतीवरच्या बोर्डावरून चालू-बंद करायचो. जुलैमध्ये एके दिवशी पताम काढता काढता लाइट गेली. मशीन थांबलं. म्हणलं, तेवढ्यात बिट बदलून घेऊ. बोर्डावरचं बटण चालूच होतं, डोक्यातच आलं नाही. पाना घेतला, डाव्या हाताची बोटं बिटच्या जवळ नेली, आणि पुतण्यानं बाहेरून हाक मारली, "काका, चहा." मी वळलो. हात मागं आला. आणि लाइट आली.

तो आवाज अजून कानात आहे. पाना अजून लावला नव्हता, नाहीतर तो कुठं गेला असता देव जाणे. बोटं बिटपासून एक वीत लांब होती. चहाची हाक दहा सेकंद उशिरा आली असती तर हे मी उजव्या हातानं लिहीत असतो.

ओट्यावर बसलो. पुतण्यानं विचारलं, "काका, घाम का आला?" त्याला काय सांगणार? तोच सुट्टीत माझ्या मागं लागायचा, मला पण चालवू द्या म्हणून.

मंडळी, आपण शेतकरी आहोत. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला आपण हौसेनं ऑटो बसवतो. रात्री दोनला लाइट आली तर मोटार आपोआप चालू व्हावी, आपली झोप मोडू नये. लाइट आली की यंत्र चालू, हे आपल्याला सोयीचं वाटतं, अंगवळणी पडलंय. राउटरला नेमकं उलटं पाहिजे. ऑटो नसलेला साधा स्टार्टर जसा लाइट गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही, तसं बटण. दुकानात सांगा, नो-व्होल्ट स्विच द्या. हिरवं-लाल बटण असतं, लाल मोठं आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीनं पण दाबता येईल असं बसवा. मशीनच्या ॲम्पिअरला पुरेल असाच घ्या. आणि तरीसुद्धा बिट बदलताना प्लग काढायचा. काढून टेबलावर, डोळ्यासमोर ठेवायचा. मी आता पाना प्लगच्या वायरलाच दोरीनं बांधलाय. प्लग काढल्याशिवाय पाना बिटपर्यंत पोचतच नाही.

या फेब्रुवारीत पेट्या उघडल्या. पुतण्या सोबत होता, जाळी घालून. मी त्याला म्हणलं, तूच उचल. त्यानं दोन बोटांनी दोन्ही कान धरले आणि चौकट वर आली. ना राळ, ना ओढाताण. पोळ्यावर राणी चालत होती. माश्यांना आपण उघडलंय हे कळलं की नाही कोण जाणे. तो मला म्हणला, "काका, ही तर लोण्यातून काढल्यासारखी आली." मी मामांना फोन लावला आणि त्यालाच बोलायला दिलं.

तेव्हा मशीन घ्यायला जाल तर एवढं लक्षात ठेवा. उलटं धरून हलवून बघा. कोलेट वाचा. वेगाची चकती बघा. बेसची भोकं बघा. वॅट त्यानंतर. आणि बिल करायच्या आधी त्याच पिशवीत नो-व्होल्ट स्विच टाका. तो नंतर घेऊ म्हणलं की राहतो. माझा राहिला होता.

पेटीचं पूर्ण माप आणि पाट कापायचा क्रम पुढच्या नोंदीत देतो. तोवर मोजून कापा, जपून कापा.